छातीचे लाईट घेताना सोबतीण कशी हवी: मार्किंगपासून शेवटच्या सिटिंगनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत

रेडिएशनच्या मशीनखाली रोज जातात ती दहा-पंधरा मिनिटं. त्यातही किरण प्रत्यक्ष चालू असतात ते काही मिनिटंच. स्तनाच्या कर्करोगासाठी लाईट घेणारी बाई थकते ती उरलेल्या तेवीस तासांत. प्रवास, रांग, फाईल, काखेतली आग, रात्रीची धास्ती, घरच्यांचे प्रश्न, सगळं त्यातच येतं. डॉक्टरांकडे या तेवीस तासांसाठी सवड नसते. घरच्यांकडे माया असते, पण अनुभव नसतो. जिचे लाईट आधी होऊन गेले आहेत, तिच्याकडे अनुभव असतो. या लेखात तिला सोबतीण म्हटलं आहे. तिला कधी शोधायचं, तिच्याकडून काय घ्यायचं आणि काय मुळीच घ्यायचं नाही, हे उपचाराच्या क्रमानं इथं दिलं आहे.

आधी दोन गैरसमज

गावाकडे याला 'शेक' म्हणतात, शहरात 'लाईट'. शेक म्हटलं की ऊब लागेल, भाजेल असं वाटतं. किरण चालू असताना गरम लागत नाही, दुखत नाही, काही दिसतही नाही. कातडीवर परिणाम होतो, पण तो दोन-तीन आठवड्यांनी.

दुसरा गैरसमज जास्त छळतो: 'ऑपरेशन झालं, किमो झाली, तरी लाईट सांगितले म्हणजे आजार राहिलाच असणार.' तसं नाही. फक्त गाठ काढून स्तन राखला असेल, तर जवळजवळ प्रत्येकीला लाईट सांगतात, कारण डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे उरलेल्या असू शकतात. २०११ मध्ये दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. स्तन राखणाऱ्या ऑपरेशननंतर लाईट घेतले नाहीत तर दहा वर्षांत आजार परत येण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, लाईट घेतल्यावर ते सुमारे १९ टक्क्यांवर आलं. पूर्ण स्तन काढला असेल तर लाईट सगळ्यांना लागत नाहीत. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी असेल किंवा काखेतल्या ग्रंथींत आजार सापडला असेल तर सहसा सांगतात.

सोबतीण मार्किंगच्या आधी हवी

बहुतेक बायकांना सोबतीण भेटते ती लाईट सुरू झाल्यावर, बाहेरच्या बाकावर. तोवर तिच्या उपयोगाचे निम्मे दिवस गेलेले असतात. हात वर जात नाही म्हणून मार्किंग (लाईटची जागा आखून कातडीवर खुणा करणं) पुढं गेलं, सरकारी योजनेची मंजुरी आली नाही म्हणून पंधरा दिवस अडकले, या गोष्टी आधीच घडून जातात. म्हणून ऑपरेशनचे टाके निघाले किंवा किमोचे शेवटचे एक-दोन डोस उरले की शोधायला लागा.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा विभाग. तिथं विचारा, 'लाईट पूर्ण झालेली, मराठी बोलणारी कोणी बाई माझ्याशी बोलेल का?' मुंबईत व्ही केअर फाउंडेशनमध्ये स्वतः कर्करोगातून गेलेले स्वयंसेवक रुग्णांशी बोलतात. इंडियन कॅन्सर सोसायटीकडेही बरं झालेल्यांचा गट आहे. ही पद्धत आजची नाही. अमेरिकेत तेरेस लॅसर या बाईंनी १९५२ मध्ये स्वतःच्या ऑपरेशननंतर अशा भेटी सुरू केल्या आणि तिथून 'रीच टू रिकव्हरी' हे काम देशोदेशी पसरलं.

सोबतीण निवडताना तिचं वय किंवा शिक्षण बघू नका. तिचे लाईट संपून निदान सहा महिने झालेले असावेत, म्हणजे तिचं स्वतःचं दुखणं ताजं नसतं. ऑपरेशन शक्यतो तुमच्यासारखं असावं. स्तन राखलेल्या बाईचे त्रास आणि पूर्ण काढलेल्या बाईचे त्रास वेगळ्या जागी असतात. पहिलीला स्तनाखालच्या घडीत, दुसरीला टाक्यांच्या रेषेवर आणि काखेत. आणि ती ऐकणारी असावी. पहिल्या फोनवर वीस मिनिटं स्वतःचंच सांगत राहिली, तर दुसरी शोधा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पहिल्याच बोलण्यात काही गोष्टी ठरवून टाका. फोनची वेळ कोणती, रोज की एक दिवसाआड, घरच्यांनीही तिला फोन केला तर चालेल का. सोबतीण औषध सुचवणार नाही, रिपोर्ट वाचून अर्थ सांगणार नाही आणि 'किती वर्षं' या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. नंतर सांगायला अवघड जातं.

मार्किंगच्या आधीचे पंधरा दिवस

ऑपरेशननंतर जखम भरली की साधारण चार ते सहा आठवड्यांनी, आणि किमो झाली असेल तर शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी लाईट सुरू होतात. या मधल्या काळातलं पहिलं काम खांद्याचं आहे. लाईट घेताना दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून दहा-पंधरा मिनिटं न हलता पडून राहावं लागतं. हात खाली राहिला तर तो किरणांच्या वाटेत येतो. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बायकांचा खांदा आखडतो आणि मार्किंगच्या टेबलावर कळतं की हात कानापर्यंतही जात नाही. मग तारीख पुढं.

रोज तीन वेळा हे करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर चढत जायचं, जिथं ताण येईल तिथं पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं, हळू उतरायचं. असं दहा वेळा. पेन्सिलनं भिंतीवर खूण करा, रोज ती थोडी वर सरकली पाहिजे. दुसरा व्यायाम पाठीवर पडून: लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात डोक्यामागे न्यायचा, दहा वेळा. ताण चालेल, कळ चालणार नाही. काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताठ शीर लागत असेल तर घाबरू नका. ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणींना होतं, फिजिओथेरपिस्टला दाखवा. सोबतीण इथं फार कामाची. रोज संध्याकाळी 'आज खूण कुठवर गेली?' एवढं विचारलं तरी व्यायाम चुकत नाही.

दुसरं काम, शिंप्याची टेप घ्या. दोन्ही हातांचा घेर मनगटाशी, कोपराच्या १० सेंमी खाली आणि १० सेंमी वर मोजून वहीत तारखेसह लिहा. पुढं हाताला सूज आली तर आधीचं माप नसल्यामुळे कोणालाच नक्की सांगता येत नाही. हे माप आजच घ्यायचं असतं.

तिसरं काम कागदांचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून लाईट घ्यायचे असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, मार्किंगच्या आधी भेटा. शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरच्या गाठीचा रिपोर्ट, डॉक्टरांनी लाईट सांगितल्याचा कागद, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, लग्नाआधीचं नाव राहिलंय, यात सगळ्यात जास्त दिवस जातात. मंजुरी येईपर्यंत मशीनचा नंबर लागत नाही, म्हणून हे आठवडाभर आधी उरकावं. गोव्यातल्या बायकांनी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते बघून ठेवावं.

प्रवासाचं: रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत असते, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावं लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील आणि मुंबईत कोणी नसेल तर नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, वांद्र्याचं बोर्जेस होम अशा जागा आहेत. जागा लगेच मिळेल असं धरून निघू नका. समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन आधी नाव नोंदवा.

आणखी एक प्रश्न या काळात डॉक्टरांना विचारायचाच: 'मला किती सिटिंग?' सिटिंग म्हणजे एका दिवशी एकदा घेतलेले लाईट. पूर्वी ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) हा डोस २५ सिटिंगमध्ये, पाच आठवडे देत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनंतर ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये, म्हणजे तीन आठवड्यांत देण्याची पद्धत रूढ झाली. २०२० मध्ये फक्त ५ सिटिंगच्या, २६ ग्रेच्या चाचणीचे निकाल आले आणि निवडक स्त्रियांना तोही पर्याय देतात. गाठ होती त्या जागेवर जादा डोस लागला तर काही सिटिंग वाढतात, त्याला 'बूस्ट' म्हणतात. गावाहून येणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे आणि तीन आठवडे यांत मजुरी बुडण्याचा, खोलीच्या भाड्याचा केवढा फरक आहे! म्हणून 'मला १५ मध्ये होतील का, ५ मध्ये होतील का, नसतील तर का नाही' हे विचारताना संकोच नको. मात्र सोबतिणीला २५ झाले आणि मला १५, म्हणजे मला कमी औषध मिळालं, असं समजू नका. सिटिंग कमी असतात तेव्हा प्रत्येक वेळचा डोस मोठा असतो.

मार्किंगचा दिवस

पुढून उघडणारा सैल ब्लाउज किंवा गाऊन घाला. मंगळसूत्र, गळ्यातली साखळी घरीच काढून ठेवा. गळ्यातलं काढायला ज्यांचं मन तयार होत नाही, त्यांनी काळा दोरा किंवा मंगळसूत्र त्या तीन आठवड्यांपुरतं पर्समध्ये बाळगलं तरी चालतं. किरणांच्या वाटेत धातू नको, इतकाच मुद्दा आहे.

तुम्हाला तिरक्या फळीवर झोपवतील, हात डोक्यावरच्या आधारात ठेवतील, छातीवर बारीक तारा चिकटवतील आणि सीटी स्कॅन काढतील. हा स्कॅन आजार शोधण्यासाठी नाही, किरणांचा नकाशा आखण्यासाठी आहे. त्याचा रिपोर्ट हातात मिळत नाही. 'रिपोर्ट का दिला नाही, काहीतरी लपवताहेत' म्हणून रात्रभर जाग्या राहिलेल्या बायका कमी नाहीत. सोबतिणीनं ही एक गोष्ट आदल्या दिवशी आठवणीनं सांगावी.

मग कातडीवर खुणा करतात. कुठं शाईच्या रेघा, कुठं तिळाएवढं कायमचं गोंदण. शाई पुसट झाली तर घरी पेनानं गिरवू नका. काही मिलिमीटरचा फरकही चुकीच्या जागेवर नेतो. टेक्निशियनला सांगा, ते पुन्हा करून देतात. शाईचा डाग कपड्याला लागतो, म्हणून जुने ब्लाउज वापरा.

डाव्या स्तनाचे लाईट असतील तर बऱ्याच ठिकाणी श्वास रोखून देतात. छातीत खोल श्वास भरला की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं आणि किरणांपासून लांब राहतं. याचा सराव घरी आठवडाभर आधी करा. पाठीवर झोपा, हात डोक्यावर, पोट न फुगवता छातीत श्वास घ्या आणि २० ते २५ सेकंद धरा. सोबतीण फोनवर आकडे मोजू शकते. सुरुवातीला १२-१५ सेकंदांत सुटतो, पाच-सहा दिवसांत जमतो. ज्यांना नाहीच जमत त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरी आखणी करतात, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

मार्किंगनंतर एक-दोन आठवडे बोलावणं येत नाही. त्या काळात डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक थरावर हृदय, फुप्फुस, स्तन यांच्या सीमा आखतात आणि भौतिकतज्ज्ञ डोसचा हिशेब तपासतात. तुम्हाला विसरलेले नसतात. तरीही दोन आठवडे उलटले तर फोन करून नंबर विचारा.

पहिला दिवस आणि रोजचा क्रम

पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास लागू शकतो, कारण जागा जुळते का हे पाहायला आधी फोटो काढतात. खोलीत दिसणाऱ्या लाल-हिरव्या रेषा म्हणजे किरण नव्हेत, त्या फक्त मापाच्या आहेत. सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं, मशीन तुमच्याभोवती फिरतं पण अंगाला लागत नाही. कॅमेऱ्यातून तुम्ही सतत दिसत असता आणि बोललेलं ऐकू जातं. खोकला येणार असेल, हाताला मुंग्या आल्या असतील तर हलू नका, मोठ्यानं सांगा. ते मशीन थांबवून आत येतात.

लाईट घेतल्यावर अंगात किरण राहत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्या, नवऱ्याशेजारी झोपा, सगळ्यांबरोबर एकाच ताटवाटीत जेवा. वेगळी भांडी, वेगळी खोली कशासाठीच लागत नाही. घरातल्या सासूबाईंना किंवा जावेला हे तुम्ही सांगण्यापेक्षा सोबतिणीनं फोनवर सांगितलेलं जास्त पटतं, कारण तिनं ते जगून पाहिलेलं असतं. डोक्याचे केस या लाईटनी जात नाहीत, फार तर काखेतले जातात. गर्भधारणा मात्र या काळात होता कामा नये.

सोमवार ते शुक्रवार रोज एकाच वेळेला नंबर लागला की त्याच चार-पाच बायका रोज भेटतात. ही आपोआप तयार झालेली सोबत. तिचा व्यवहारी उपयोग करून घ्या: एकजण आत असताना दुसरीनं पिशवी सांभाळायची, मशीन बंद पडल्याचं पहिल्यांदा कळेल तिनं लांबून येणारीला घरून निघायच्या आधी फोन करायचा, एकाच भागातल्या दोघींनी रिक्षा वाटून घ्यायची.

सिटिंग चुकवू नका. मशीन बिघडलं, सुट्टी आली, ताप आला तर राहिलेलं सिटिंग पुढं जोडून देतात, आणि एखाद्या दिवसानं बिघडत नाही. पण आपल्या मनानं आठ-दहा दिवस गावी जाऊन आलं तर मधल्या काळात उरल्यासुरल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि आखलेल्या डोसचा जोर कमी होतो. लग्नाची तारीख, पेरणी, मुलाची परीक्षा, जे काही असेल ते मार्किंगच्या आधी डॉक्टरांना सांगा. सोबतिणीनं एखादी बाई दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये. बहुतेक वेळा कारण पैशाचं असतं आणि त्यावर समाजसेवा विभागात काही ना काही मार्ग निघतो.

कातडी

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, त्याही प्रेमापोटी.

पहिला आठवडा काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा कोरडी होते, खाजते. पाठ्यपुस्तकात 'लाल होते' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, ती काळवंडते. म्हणून नुसतं बघून भागत नाही, तळहाताची मागची बाजू लावून गरम लागतं का ते पाहा. स्तनाखालची घडी, काख आणि टाक्यांची रेषा या तीन जागा रोज आरशात तपासा. स्तन काढलेल्या बाईच्या छातीवर कधी कधी ओला गॉज किंवा जेलीसारखी चादर ठेवून लाईट देतात, म्हणजे डोस कातडीपर्यंत पुरेसा पोचतो. त्यांची कातडी जास्त सोलवटते. ती चूक नसते, तसं ठरवलेलं असतं.

आंघोळ रोज करा. कोमट पाणी, सौम्य साबण तळहातावर फेसून हलकेच लावायचा, घासणी नाही, गरम पाण्याची धार नाही. नंतर मऊ पंचा नुसता टिपून घ्यायचा. मलम किंवा लोशन डॉक्टरांनी सांगितलेलंच, आणि ते सिटिंग झाल्यावर किंवा रात्री. मशीनखाली जाताना कातडी स्वच्छ आणि कोरडी हवी. मलमाचा किंवा खोबरेल तेलाचा जाड थर असेल तर वरच्या कातडीला डोस वाढतो. हळदीचा लेप, उटणं, कोरफडीचा ताजा गर, टाल्कम पावडर, बाम, बर्फ, गरम पिशवी यातलं काहीही लावू नका. पावडर घामात गोळा होऊन घडीत घासते, ताजा गर आणि लेप सोललेल्या जागी जंतू नेतात. काखेत ब्लेड फिरवू नका. चिकटपट्टी लावू नका, निघताना ती कातडी घेऊन येते.

मुंबई-कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे घडीतला घाम हा खरा शत्रू आहे. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची मऊ घडी करून स्तनाखाली ठेवा, ओली झाली की बदला, दिवसातून चार-पाच घड्या लागल्या तरी हरकत नाही. घरी दुपारी अर्धा तास आत काही न घालता सैल गाऊनमध्ये पंख्याखाली पडून राहा. तारेची ब्रा या काळात बंद. स्तन काढलेल्या बायकांनी सिलिकॉनचा जड स्तन न वापरता कापूस भरलेला हलका पॅड सुती बनियनच्या आत शिवून घ्यावा. सिलिकॉनचा कातडी पूर्ण भरल्यावर.

सर्वात महत्त्वाचं: त्रासाचं टोक शेवटच्या सिटिंगनंतर येतं. पंधरा सिटिंगवालीला साधारण लाईट संपल्यावर एक ते दोन आठवड्यांनी, आणि पाच सिटिंगवालीला तर सगळंच नंतर दिसतं. म्हणजे रोज रुग्णालयात जाणं थांबतं, सगळे म्हणतात 'सुटलीस बाई', आणि नेमकी तेव्हाच घडीतली कातडी सोलून ओली होते. याच पंधरा दिवसांत सोबतिणीनं रोज फोन करायचा. 'घाबरू नकोस' यापेक्षा 'आज काखेत बघितलंस का? कापडाला पाणी लागलं का? रंग कसा आहे?' हे विचारलेलं जास्त उपयोगाचं. ओली जागा ड्रेसिंग आणि सांगितलेल्या मलमानं बहुतेक दोन-तीन आठवड्यांत भरते. पू, दुर्गंधी, १००.४ च्या वर ताप, किंवा झोप लागू नये इतकी आग असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

थकवा आणि ताट

थकवा शेवटच्या आठवड्यात वाढतो आणि संपल्यावरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने रेंगाळतो. सतत पडून राहिल्यानं तो वाढतो. रोज वीस-तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, दुपारी अर्धा-पाऊण तासच झोपा. जी कामं तुमच्याशिवाय होऊ शकतात त्यांची यादी करून घरात वाटून द्या. पाणी भरणं, ओले कपडे पिळणं ही पहिली जावीत. मानेच्या खालच्या भागालाही लाईट असतील तर गिळताना किंचित टोचतं. मऊ भात, पेज, खिचडी खा, तिखट थोडे दिवस कमी करा.

कातडी भरायला प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, तळव्याएवढ्या माशाच्या तुकड्यात १५ ते २०. तीन आठवडे कडक उपास नकोत. साबुदाणा आणि बटाटा खाऊन पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. श्रावण किंवा नवरात्र मध्ये आलं तर दूध, दही, दाण्याचं कूट वाढवा, किंवा तो उपास घरातल्या दुसऱ्या कोणी धरावा, असं अनेक घरांत करतात. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा, वाढलेल्या साखरेत कातडी भरत नाही. 'ताकदीच्या' गोळ्या, काढे, मोठ्या मात्रेतली जीवनसत्त्वं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

गट कुठं बिघडतो

बाकावरच्या ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅप गट होतो. आठ-दहा जणींपलीकडे तो वाढला की फॉरवर्ड सुरू होतात: गोमूत्र, अमुक फळ, साखर बंद करा. थोड्या दिवसांनी कोणीतरी पावडरचे डबे विकायला लागतं. सुरुवातीलाच एकीनं लिहून टाकावं की इथं औषध नाही, विक्री नाही, वर्गणी नाही. कातडीचे फोटो गटात नकोत. ते डॉक्टरांना दाखवा, फार तर एकट्या सोबतिणीला. कोणाचा नवरा सोडून गेला, कोणाच्या घरी सांगितलेलं नाही, हे गटातून बाहेर जाता कामा नये. गावात ते पसरलं तर त्या बाईचं आयुष्य कठीण होतं.

तुलना हा दुसरा रोग. 'तिची कातडी चांगली, माझीच सोलली.' स्तनाचा आकार, वजन, साखर, ऑपरेशन, डोस, कितीतरी कारणं असतात. सोबतिणीनं 'मला तर काहीच झालं नाही' हे वाक्य कधीही बोलू नये. समोरचीला त्यात धीर मिळत नाही, आपलंच काही चुकलं असं वाटतं.

गटातल्या एखादीचा आजार परततो, एखादी जाते. ती बातमी गटावर टाकू नका. ज्यांचे लाईट चालू आहेत त्यांना एकेकीला फोन करून, रडायला वेळ देऊन सांगा. आणि त्या दिवसाचं सिटिंग कोणी चुकवणार नाही ना, हे बघा. सोबतिणीलाही कोणीतरी लागतं. एका वेळी दोघींपेक्षा जास्त जणींची जबाबदारी घेऊ नये. स्वतःची तपासणी जवळ आली की काही दिवस थांबावं.

संपल्यानंतर

खांद्याचे व्यायाम वर्षभर चालू ठेवा, लाईटनंतर स्नायू हळूहळू आखडत जातात. दर महिन्याला टेपनं हात मोजा. आधीच्या मापापेक्षा २ सेंमीनं वाढला, किंवा त्या हातातल्या बांगड्या, अंगठी घट्ट झाली तर दाखवा. सूज लवकर दाखवली तर आटोक्यात येते, जुनी झाली की येत नाही. काखेच्या ग्रंथी काढल्या असतील तर रक्तदाब आणि सुई शक्यतो दुसऱ्या हातात. स्तन राखला असेल तर मॅमोग्राफी सहसा लाईट संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. हार्मोनची गोळी कधी सुरू करायची हे शेवटच्या आठवड्यातच विचारून घ्या, या एका प्रश्नावर बऱ्याच जणी घरी जाऊन महिनाभर अडकतात.

लाईटनंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, चढावर धाप, बारीक ताप आला तर फुप्फुसाच्या कडेला किरणांनी आलेली सूज असू शकते. ती थोड्या जणींनाच होते आणि औषधानं बरी होते. मात्र गावातल्या दवाखान्यात फोटो काढला की फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पांढरा डाग दिसतो आणि टीबीचं औषध सुरू होऊ शकतं. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच बोला: 'माझ्या छातीला लाईट दिलेत.' शेवटच्या दिवशी रुग्णालयातून लेखी सारांश मागून घ्या. त्यात कोणती बाजू, किती ग्रे, किती सिटिंग, मानेचा भाग घेतला होता का आणि तारखा हव्यात. एक प्रत फाईलमध्ये ठेवा, एक पर्समध्ये, आणि एक फोटो सोबतिणीच्या फोनमध्ये, कारण फाईल घरी राहिलेली असते तेव्हाच ती लागते.